साहेबांचा ‘मी’

चष्म्याच्या दुकानात तिचा नंबर यायला अजून अवकाश होता. समोरच्या भिंतीवर टीव्ही चालू होता, पण आवाज बंद. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी दोनदा वळून पाहिलं तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपला उजवा हात मांडीवर एकटाच बोलतो आहे. बोटं छातीकडे येत होती, वळत होती, तळवा उघडत होता, पुन्हा छातीकडे येत होता. तिने डाव्या हाताने उजवा हात दाबून धरला. मग वर पाहिलं. पडद्यावर साहेब होते. साहेब म्हणजे माजी मंत्री, ज्यांच्या शेजारी उभं राहून तिने चार वर्षं त्यांचं बोलणं बहिऱ्या लोकांसाठी हातांनी सांगितलं होतं. खुर्ची गेल्यापासून साहेब थोडे अंगाने भरले होते. शर्टाचं वरचं बटण मात्र अजूनही गळ्याशी घट्ट लावलेलं. त्यांच्या मागे कानमशिनांच्या कंपनीचं भलंमोठं बोधचिन्ह होतं, आणि साहेब हसत हसत ओठांनी म्हणत होते, ही कंपनी मी उभी केली, पहिल्या दिवसापासून ती माझीच आहे. त्यांचे ओठ वाचायला तिला चष्मा लागत नव्हता. तरी खालच्या पट्टीवर तेच शब्द सरकत आले: माजी मंत्री कंपनीचे अध्यक्ष, म्हणाले, हे माझंच अपत्य. काउंटरवरचा माणूस कोणाला तरी विचारत होता, ‘आता स्पष्ट दिसतंय का?’ तिच्या दाबून धरलेल्या हाताचं एक बोट अजून छातीकडेच रोखलेलं होतं. मी, असं म्हणत होतं ते बोट. साहेबांचा मी.

या धंद्याचा हा पहिला नियम. बोलणारा ‘मी’ म्हणाला की दुभाष्यानेही ‘मी’च म्हणायचं. ‘ते म्हणतात की’ असलं शेपूट लावायचं नाही. बोलणाऱ्याचा राग आपला, लाज आपली, थाप आपली. सभा संपली की सगळं तिथेच टाकून हात धुऊन घरी जायचं. प्रशिक्षण वर्गातल्या मास्तरीणबाई सांगायच्या, काचेसारखं व्हा, पलीकडचं दिसलं पाहिजे, तुम्ही दिसता कामा नये. वर्गातल्या बाकीच्यांना हे अवघड जायचं. तिला नाही. तिचे आईबाप दोघेही जन्मापासून बहिरे, आणि तिला मात्र नको तितकं ऐकू यायचं. चार वर्षांची असल्यापासून ती काचच होती. घरमालक भाडं वाढवायला आला की तिने त्याच्या शिव्या बाबांना हातांनी द्यायच्या आणि बाबांचं उत्तर घरमालकाला तोंडाने. डॉक्टरने आईच्या पोटात काय सापडलं ते सांगितलं तेव्हाही ‘तुम्हाला’ आणि ‘मला’ यांची ये-जा तिच्याच बोटांतून झाली होती. बाबा छापखान्यात यंत्रावर होते. तिथे खडखडाट एवढा की ऐकू येणारेही खुणांनीच बोलायचे, त्यामुळे बाबा तिथे कोणापेक्षा कमी नव्हते, उलट फोरमनच होते. बाहेरच्या जगासाठी मात्र त्यांच्या शर्टाच्या खिशात एक चोपडी असायची, छापखान्यातल्या उरल्यासुरल्या कागदांची शिवलेली, दोऱ्याला पेन्सिलीचं थोटूक बांधलेलं. दुकानदार, तिकीटवाला, बँकेतला कारकून, असं कोणी ऐकणारं समोर आलं की बाबा ती काढायचे, पुढे सरकवायचे आणि पेन्सिलीचं टोक त्या माणसाकडे वळवायचे. लिहा. लहानपणी तिला त्या चोपडीचा राग यायचा. ती पुढे आली की माणसांचे चेहरे बदलायचे, कोणी उगाच मोठ्या अक्षरांत लिहायचं, जणू बाबांना दिसतही नाही. म्हणून ती सोबत असली की चोपडी घरी राहायची. ‘माझी चोपडी चालायला लागली,’ असं बाबा आईला गंमतीने म्हणायचे, आणि गालावर बोट ठेवून तिच्याकडे दाखवायचे. गालावरची खळी, हे तिचं त्या घरातलं नाव. शाळेतलं नाव बाबांना कधी उच्चारता आलं नाही, त्यांना त्याची गरजही पडली नाही.

दुकानातल्या माणसाने तिचा नंबर पुकारला, पण ती उठून बाहेर पडली. डोळे तपासायचे राहिले ते राहिलेच. रस्त्यावर ऊन होतं, एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता, आणि तिला वाटलं की आपण आत्ता ज्यावर उभ्या आहोत तो फुटपाथ सोडून बाकी सगळं चार वर्षांपूर्वीचं आहे. त्या दिवसाचं. पत्रकार परिषदेची ती लांबट खोली, टेबलावर हिरवं कापड, साहेबांच्या उजव्या हाताला पाण्याचा ग्लास आणि डाव्या हाताला ती. काळा सदरा, कारण काळ्यावर हात उठून दिसतात. सर्दी झालेली एक बातमीदार मुलगी उठली, नाक पुसलं आणि म्हणाली, ‘बहिऱ्या मुलांना, मोठ्यांना तुम्ही जी मशिनं फुकट वाटताय, ती बनवणाऱ्या कंपनीत तुमचा हिस्सा आहे असं म्हणतात. आहे का?’ साहेबांनी ग्लासाकडे पाहिलं. मग बसचं वेळापत्रक वाचावं तशा आवाजात म्हणाले, ‘त्या कंपनीत माझ्या नावावर काहीही नाही. मी हे काम करतो ते या लेकरांसाठी.’ एवढंच. आवाजात जीव नाही, डोळे खाली. काचेने काय करायचं असतं? पुटपुटणाऱ्याचं पुटपुटल्यासारखंच सांगायचं. हात पोटाजवळ ठेवायचे, चेहरा कोरा, नजर ग्लासावर. खुणांच्या भाषेत चेहराच आवाज असतो, हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. पण त्या दिवशी तिने तसं केलं नाही. तिचे हात छातीच्या उंचीला आले, मान ताठ झाली, भुवया वर गेल्या, आणि थेट कॅमेऱ्यात पाहत तिने सांगितलं, माझ्या नावावर काहीही नाही, मी हे करतो ते या लेकरांसाठी. शब्द साहेबांचेच, एक इकडचा तिकडे नाही. पण त्यांत जो जीव होता तो तिने आपल्या पदरचा घातला.

का घातला? चालता चालता ती स्वतःलाच विचारत राहिली, आणि उत्तर तिला ठाऊक होतं म्हणून आणखी चीड येत होती. त्याच्या महिनाभर आधी आई गेली होती. घर भरलं होतं बहिऱ्या माणसांनी. ज्यांना ऐकू येत नाही त्यांचं रडणं ऐकणाऱ्यांना सोसत नाही. ते फार मोकळं असतं, त्याला लाज नसते. कार्यालयातले दोघे-तिघे आले होते ते दारातूनच परतले. जाता जाता एकाने बाबांच्या कानाशी ओरडून सांत्वन केलं. आणि साहेब आले. एकटेच, ताफा खाली ठेवून. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले, आणि बसले ते बसलेच. एक शब्द बोलले नाहीत. निघताना बाबांसमोर उभे राहिले, उजवा तळवा छातीवर ठेवला आणि तसाच थोडा वेळ ठेवून गेले. ती खूण कुठल्याच भाषेतली नव्हती. पण बाबांनी त्यानंतर कितीतरी दिवस ती लोकांना करून दाखवली. या माणसाला बोलता येतं तरी तो गप्प बसला, असं सांगायचे. बाबांच्या मंडळात, म्हणजे किराणा मालाच्या गोदामावरच्या त्या खोलीत जिथे बहिरी माणसं पत्ते खेळायला जमतात, तिथे साहेबांना नाव मिळालं: गळ्याशी दोन बोटं, वरचं बटण लावल्याची खूण. बहिऱ्यांनी ज्याला नाव दिलं तो घरचा झाला. मंत्र्याला त्यांनी त्याआधी कधी नाव दिलं नव्हतं, शिव्या मात्र बऱ्याच दिल्या होत्या. त्या स्टुलावर बसलेल्या माणसाची हमी तिने त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर दिली होती. आता तिला पहिल्यांदाच वाटलं, स्टुलावर बसून तो माणूस नुसता पाहत तर नव्हता? एवढी माणसं, मशिनं विकायला एवढे कान. असं वाटल्यावर तिला स्वतःचीच किळस आली, कारण आईच्या जाण्याच्या दिवसालाही आता हात लागला होता.

बागेच्या कठड्याशी उभं राहून तिने साहेबांना फोन लावला. उचलणार नाहीत असं धरून चालली होती. दुसऱ्या घंटेला उचलला.

‘बोला हातवाल्या बाई,’ साहेब म्हणाले. आवाज छान लागला होता. मागे माणसं हसत होती, भांडी वाजत होती. ‘पाहिलंत वाटतं टीव्हीवर.’

‘साहेब, त्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात की तुमचा काही हिस्सा नाही.’

‘माझ्या नावावर नाही म्हणालो होतो. नव्हतंच. मेहुण्याच्या नावावर होतं. खोटं एक अक्षर बोललो नाही. तुम्हीच होतात की शेजारी.’

‘मी होते म्हणून तर विचारते आहे.’

‘अहो, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तुम्ही नुसते हात हलवत होतात. तुमच्याकडे कोण बोट दाखवणार आहे?’ मग ते थोडे बाजूला गेले असावेत, कारण भांड्यांचा आवाज कमी झाला आणि साहेबांचा आवाज मऊ. ‘एक खरं सांगू? त्या दिवशी तुम्ही वाचवलंत मला. घरी जाऊन आवाज बंद करून पाहिलं मी ते. माझ्याकडे बघवत नव्हतं, साफ चोर दिसत होतो. आणि तुमच्याकडे बघितलं तर मलाच पटलं. काय तोंड आहे हो तुमचं. म्हणून म्हणतो, आता कंपनीच्या जाहिरातीत तुम्हीच पाहिजेत. बहिऱ्या लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे, आम्ही चौकशी करून ठेवली आहे. विचार करा आणि कळवा.’

तिने फोन ठेवला. या कानाने नुसते हात, त्या कानाने काय तोंड आहे. एकाच दमात माणसाने दोन्ही म्हणावं आणि दोन्ही वेळा त्याचं काही अडू नये. मंत्री झाले ते काही उगाच नाही. तिला ओरडावंसं वाटलं, पण कशावर? शब्दाला शब्द लावून पाहिला तर त्यांच्या बोलण्यात कुठे फट नव्हती. पकडले जाण्यासारखं त्यांनी काही ठेवलंच नव्हतं. जे पकडलं जाण्यासारखं होतं ते तिच्या चेहऱ्यावर होतं, आणि ते गावभर दिसलं होतं.

बाबांकडे जायचा रस्ता मंडळाच्या खोलीवरून जातो. एरवी ती वर डोकावून जाते. आज खालूनच तिला खिडकीत पत्ते खेळणाऱ्या काकांची पाठ दिसली, आणि ती भिंतीच्या कडेने पुढे सरकली. या काकांची नात. तिच्या कानात आधी एक जुनं मशीन होतं, कुठल्याशा संस्थेने दिलेलं, टवके उडालेलं, पण त्याच्यावर पोरगी शाळेत गाणी म्हणायची. साहेबांच्या योजनेत नवं घ्यायचं तर जुनं जमा करायचं होतं. काका कां-कूं करत होते. बहिरी माणसं फुकट गोष्टीला फार घाबरतात, त्यांना फुकट काय मिळतं ते ठाऊक असतं. तेव्हा बाबा मंडळात उभे राहिले, दिवा दोनदा बंद-चालू केला की सगळे वळून पाहतात तसा केला, आणि म्हणाले, माझ्या खळीने सांगितलंय, तिच्या तोंडावर मी पाहिलंय, आणि ती माझ्याशी खोटं बोलू शकत नाही. लहानपणी बोलली तेव्हा मी पकडलंय तिला. सगळे हसले होते. सगळ्यांनी जुनी मशिनं जमा केली. बाबांनी स्वतः, ज्यांना सत्तर वर्षांत कधी ऐकावंसं वाटलं नव्हतं, त्यांनीही एक मशीन घेतलं, पहिल्या रांगेत उभं राहून, बाकीच्यांची भीड चेपावी म्हणून. वर्षभर ठीक चाललं. मग मशिनांतले सेल संपले, आणि तसले सेल त्या कंपनीशिवाय दुसरं कोणी बनवतच नव्हतं, ती मागेल ती किंमत. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच, फक्त इथे आवळाही त्यांचा आणि कोहळाही त्यांचाच. काकांच्या नातीचं मशीन आता डब्यात असतं. पोरगी गात नाही. काका बाबांशी पत्ते अजून खेळतात, पण जोडीदार म्हणून त्यांना घेत नाहीत.

त्या सगळ्या काळात बाबांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं. कंपनी लबाड निघाली, साहेब बिचारे काय करणार, साहेबांचा काय संबंध, असं ते मंडळात सांगत आले होते. पुरावा काय, तर खळीचा चेहरा.

बाबांच्या दाराचं बटण दाबलं की आत घंटा वाजत नाही, दिवा लुकलुकतो. दार लगेच उघडलं, म्हणजे बाबा दिव्याकडे बघतच बसले होते. टीव्ही बंद होता. त्यावर त्यांनी टॉवेल टाकला होता, आरसा झाकावा तसा. टेबलावर बशीत ते मशीन ठेवलेलं होतं. बाबांनी तिची खुर्ची उचलली आणि खिडकीसमोर ठेवली, तोंडावर उजेड येईल अशी. लहानपणी तिने काही लपवलं की बाबा तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे करायचे. ती बसली. बाबा उजेडाकडे पाठ करून बसले.

‘तुला माहीत होतं?’ बाबांनी हातांनी विचारलं.

‘नाही.’

‘अजिबात?’

‘अजिबात नाही. बाबा, ते शब्द त्यांचे होते. माझं काम तेच आहे, तुम्हाला माहीत आहे. ते ‘मी’ म्हणाले की मीपण ‘मी’च म्हणते. मी तर नुसते—’

आणि तिचे हात हवेत थांबले, कारण पुढची खूण बोटांवर तयारच होती: नुसते हात हलवत होते. साहेबांचं वाक्य, साहेबांच्याच गुळमुळीत ढंगात, तिच्या बोटांतून बाहेर पडायला निघालं होतं. तिने हात मांडीवर पाडले. बाबांनी ते पाहिलं. बहिऱ्या माणसापासून अर्धवट सोडलेलं वाक्य लपत नाही.

‘शब्द त्यांचे,’ बाबा म्हणाले. ‘चेहरा कोणाचा होता?’

मग तिने बोट छातीवर ठेवलं. मी. हे बोट आज चष्म्याच्या दुकानापासून तिच्या छातीवरच होतं, पण आत्ता कुठे ते तिचं झालं. ‘माझा,’ ती म्हणाली. ‘मला खरंच वाटलं होतं. आई गेली तेव्हा ते आले होते, स्टुलावर बसले होते. मला त्यांच्याबद्दल खात्री होती. ते नीट बोलत नव्हते म्हणून मी नीट बोलले. मी फसले, बाबा. त्यांनी मला फसवलं आणि मी तुम्हाला.’ तिचे डोळे वाहत होते, आणि तिने काहीही आवरलं नाही. आयुष्यात इतकं खरं ती कधी बोलली नव्हती.

बाबा तिच्याकडे पाहत राहिले. रागाने नाही. छापून आलेला कागद उजेडात धरून पाहावा तसे, सावकाश, वरपासून खालपर्यंत. त्यांच्या डोळ्यांतही पाणी आलं. त्यांचा हात तिच्या गालाकडे आला, खळीच्या जागेपर्यंत आला, आणि तिथे न टेकताच मागे गेला.

‘पटतंय मला,’ ते म्हणाले. ‘तू बोलतेस ते सगळं पटतंय.’ मग खुणा अगदी लहान करून, जणू खोलीत आणखी कोणी होतं आणि त्याला दिसू नये, त्यांनी पुढचं सांगितलं. ‘तेव्हाही असंच पटलं होतं.’

आता बोलायचं कशाने? जे होतं ते तर तोंडावरच होतं. बाहेरून कुठल्याशा गाडीचा आवाज आला आणि गेला. तो तिने एकटीनेच ऐकला. बाबा उठले, खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात हात घातला, आणि परत येऊन बसले. त्यांनी चोपडी टेबलावर ठेवली, बशी बाजूला करून कोरं पान उघडलं आणि ती तिच्यापुढे सरकवली. दोरा गुंतला होता तो बोटांनी सोडवला. मग दुकानदाराकडे, तिकीटवाल्याकडे, बँकेतल्या कारकुनाकडे जन्मभर वळवलं तसं पेन्सिलीचं टोक तिच्याकडे वळवलं.